खोट्या चिठ्ठीचा रानपिंगळा

संग्रहालयात जपून ठेवलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. पक्षी कुठे मारला, कधी मारला, कोणी मारला, एवढंच तिच्यावर लिहिलेलं असतं. आत कापूस भरलेलं ते कातडं कितीही सुबक असो, चिठ्ठी नसेल तर अभ्यासकाच्या लेखी त्याची किंमत शून्य. ब्रिटनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या संग्रहात अशाच एका घुबडाच्या पायाला चिठ्ठी होती. ठिकाण मांडवी, तापीकाठ. तारीख ९ ऑक्टोबर १९१४. संग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन.

ती चिठ्ठी खोटी होती. मांडवी सध्याच्या गुजरातेत, सुरत जिल्ह्यात आहे. या एका ओळीवर विश्वास ठेवून मोठमोठे पक्षितज्ज्ञ भलत्याच जागी पक्षी शोधत राहिले, आणि तो कुठेच सापडत नाही म्हटल्यावर तो पृथ्वीवरून संपलाच असावा असं अनेकांनी मनात धरलं. तो होता खानदेशात, मेळघाटात. आणि मुंबईकर ज्या तलावाचं पाणी सव्वाशे वर्षं पीत आले, त्या तानसाच्या रानातही. आपल्या ठाणे जिल्ह्यात.

या पक्ष्याला मराठीत रानपिंगळा म्हणतात. ठिपकेवाला पिंगळा आपल्या ओळखीचा. डोंबिवली-कल्याणच्या जुन्या वाड्यांतल्या आंब्याच्या ढोलीत तो राहतो, तिन्हीसांजेला चिरकतो, आणि त्याच्याच नावाने पहाटे दारावर येऊन भविष्य सांगणारा पिंगळाही जुन्या लोकांनी पाहिलेला असतो. रानपिंगळा त्याचाच भाऊबंद, उंचीला वीतभरापेक्षा थोडा जास्त. पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, शेपटीवर आणि पंखांवर रुंद ठळक पट्टे, आणि पाय अंगाच्या मानाने जाडजूड, पांढऱ्या पिसांनी झाकलेले. घुबड असून हा दिवसाढवळ्या वावरतो. पानगळीच्या जंगलात उघड्या फांदीवर ऊन खात बसतो, सरडे-उंदीर टिपतो, आणि उत्तेजित झाला की शेपटी डावीउजवीकडे झटकतो. एवढी ठळक लक्षणं असलेला पक्षी शतकभर कुणाला दिसू नये, हेच मुळात चमत्कारिक वाटायला हवं होतं.

त्याची पहिली नोंद १४ डिसेंबर १८७२ची. आताच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात एफ. आर. ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याने एक पक्षी मारला आणि अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूमकडे पाठवला. काँग्रेसचा संस्थापक म्हणून आपण शाळेत शिकतो तोच हा ह्यूम. तेव्हा तो सरकारचा बडा सचिव होता आणि हिंदुस्थानातला सगळ्यात मोठा पक्षिसंग्राहकही. १८७३ साली आपल्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात त्याने या घुबडाचं वर्णन छापलं आणि ब्लेविटचं नाव त्याला दिलं. १८७७मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉलला ओडिशाच्या खरियार भागात दुसरा नमुना मिळाला. नंतरचे नमुने मात्र आपल्याकडचे. जेम्स डेव्हिडसन हा मुलकी अधिकारी पश्चिम खानदेशात होता. शहादा-तळोद्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी, १८८०पासून चारेक वर्षांत त्याने काही पक्षी मिळवले. सगळे मिळून सात नमुने, आणि शेवटचा खरा नमुना १८८४चा. पुढे शंभराहून अधिक वर्षं काही नाही.

ह्यूमचं पुढे काय झालं हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहायचा म्हणून त्याने वर्षानुवर्षं टिपणं जमवली होती. १८८४-८५च्या हिवाळ्यात तो सिमल्याबाहेर असताना त्याच्या नोकराने ती हस्तलिखितं बाजारात रद्दीच्या भावाने विकली. हळदी-मिरच्यांच्या पुड्या बांधायला ती गेली असणार. ह्यूमने विटून आपला ब्याऐंशी हजारांच्या आसपास पक्षिनमुन्यांचा सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला, आणि त्याच १८८५ साली काँग्रेस स्थापन झाली. रद्दीवाल्याचे आपल्या राजकारणावर उपकार झाले असं गमतीने म्हणता येईल. पक्षिविद्येचं मात्र जे गेलं ते गेलंच.

तिकडे खानदेशात डेव्हिडसन पिंगळे गोळा करत होता, त्याच वर्षांत इकडे ठाणे जिल्ह्यात जंगलावरून रण माजलं होतं. लोहमार्ग १८५३ला ठाण्याला, पुढच्या वर्षी कल्याणला, १८५५ला वाशिंदला, १८६१ला कसाऱ्याला आणि १८६५ला थळ घाट चढून इगतपुरीला पोचला. रूळ गेले तिथे ठेकेदार गेले. मुंबईला लाकूड हवं, कोळसा हवा. ठाण्याच्या डोंगरातला साग आणि ऐन गाडीत आणि गलबतात चढू लागला. मग सरकारला जंगल संपत चालल्याची जाग आली. १८७८च्या वनकायद्याने रानं राखीव झाली, आणि दंड-मनाईचा सगळा भार पडला तो शेतकऱ्यावर आणि वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळ्यांवर. ठाण्याचा भात राबावर उभा. पावसाआधी रोपाच्या जागेवर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून ते जाळायचं, म्हणजे राब. ऐनाच्या फांद्या छाटायला मनाई झाली तर रोप कशावर तगणार? ओरड इतकी वाढली की सरकारला ठाणे-कुलाब्याच्या जंगलांसाठी खास आयोग नेमावा लागला, आणि १८८७ला त्याचा जाडजूड अहवाल आला.

त्या अहवालात राब आहे, दंड आहे, लाकडाची मापं आहेत. रानपिंगळा नाही. १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये जिल्ह्याच्या रानातला वाघ आहे, बिबट्या आहे. हा पक्षी नाही. यात कुणाचा दोष काढता येणार नाही, कारण ज्यांनी लिहिलं ते महसूल आणि शिकार या दोन नजरांनी रान बघत होते. पण परिणाम असा झाला की ठाण्याच्या पानगळीच्या जंगलात दिवसा उन्हात बसणारं हे घुबड कुठल्याच यादीत चढलं नाही. पुढे सालिम अली आणि हुमायून अब्दुलाली यांनी १९३६ ते ३९ या काळात मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांची सविस्तर सूची प्रसिद्ध केली, तीही साष्टी बेटापुरतीच. शहापूरचं रान तिच्या हद्दीबाहेर होतं.

आता त्या चिठ्ठीकडे येऊ.

माइनर्ट्झहागेन हा ब्रिटिश लष्करी अधिकारी. पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाइनच्या आघाडीवर तुर्कांना खोट्या कागदांनी भरलेली पिशवी सापडेल अशी युक्ती केल्याचं श्रेय तो स्वतःकडे घेई. पक्ष्यांचा नाद जबर; १९५४ साली त्याने सुमारे वीस हजार नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. पण त्याच म्युझियममध्ये पूर्वी, परवानगीशिवाय नमुने नेले म्हणून, त्याला काही काळ पक्षिदालनात पाऊल टाकायला बंदी झाली होती. कुजबूज होती, तक्रारी होत्या. तरी मोठ्या घरातला, युद्धात गाजलेला माणूस, त्याच्या नमुन्यांवर संशय घेणार कोण? त्याच्या म्हणण्याप्रमाणे ऑक्टोबर १९१४मध्ये त्याने मांडवीला रानपिंगळा मारला. ज्या सैन्याबरोबर तो पूर्व आफ्रिकेत टांगाच्या लढाईला गेला, त्याची जहाजं त्याच महिन्याच्या मध्याला मुंबईहून निघाली. गडबडीच्या त्या दिवसांत तापीकाठी जाऊन दुर्मीळ घुबड मारून येणं किती शक्य होतं, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

सालिम अली त्याला चांगले ओळखत. १९३७ला दोघांनी मिळून अफगाणिस्तानात पक्ष्यांचा दौरा केला होता. पुढे अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे डिलन रिप्ली आणि सालिम अली यांनी मिळून भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. १९७०च्या दशकात दोघांनाही रानपिंगळ्याचा ध्यास लागला. शोध झाले. हाती काही आलं नाही. सगळ्यात अलीकडची नोंद मांडवीची, म्हणून लक्ष तिकडे. आणि तिथे तो पक्षी असल्याचा खरा पुरावा कधीच नव्हता. काही काळाने पक्षिजगतात हा विषय जवळजवळ मिटला. गुलाबी डोक्याचं बदक गेलं, हिमालयातला पहाडी लावा १८७६नंतर कुणी पाहिला नाही, तसाच हाही गेला असेल असं लोक म्हणू लागले. १९८६ला आंध्रात जेर्डनचा धाविक ८६ वर्षांनी पुन्हा सापडला, त्याने थोडी आशा जागवली, एवढंच.

गाठ सुटली ती एका बाईच्या चिकाटीने. पामेला रासमुसेन या रिप्लींच्या हाताखाली दक्षिण आशियाच्या पक्ष्यांचं नवं पुस्तक तयार करत होत्या. १९९३ साली अॅलन नॉक्स यांनी माइनर्ट्झहागेनच्या काही नमुन्यांत बनावट असल्याचं दाखवून दिलं होतं. ते वाचल्यावर त्याचा एकेक दावा तपासल्याशिवाय पुस्तकात घ्यायचा नाही असं रासमुसेन यांनी ठरवलं. मांडवीचा रानपिंगळा ओघाने आलाच. त्याचे क्ष-किरण फोटो काढले, शिवण तपासली, आतलं भरण पाहिलं. प्रत्येक संग्राहकाचा कातडं भरण्याचा हात वेगळा असतो. शिंप्याचा टाका ओळखावा तसा तो जाणकाराला ओळखता येतो. हा हात डेव्हिडसनचा होता. म्हणजे १८८०च्या दशकात खानदेशात मारलेला पक्षी म्युझियममधूनच चोरला, उसवला, नव्याने भरला आणि त्याच्या पायाला नवी चिठ्ठी बांधून तो परत त्याच म्युझियमच्या पदरात घातला! रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांचा हा शोधनिबंध १९९९ला 'आयबिस' या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात आला.

पण निबंध छापून यायच्या आधीच रासमुसेन यांनी त्यातला धडा वापरला होता. मांडवी बाद, मग उरतात ब्लेविट, बॉल आणि डेव्हिडसन यांच्या जागा. नोव्हेंबर १९९७मध्ये त्या, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट असे तिघे आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणांवर फिरले. तिथली जंगलं बरीच उजाड झाली होती, पक्षी नव्हता. मग खानदेश. २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याला बेन किंग यांना एका उघड्या झाडावर घुबड बसलेलं दिसलं. डोक्यावर ठिपके नाहीत, पाय पांढरे आणि जाड. छायाचित्रं निघाली, चित्रफीत निघाली. ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा कागदावर आला, या वेळी जिवंतपणी.

याचं श्रेय डेव्हिडसनलाही द्यायला हवं. त्याने पक्षी मारले हे खरं. पण चिठ्ठीवर जागा खरी लिहिली. शंभर वर्षांनी कुणीतरी त्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून शहाद्याला गेलं आणि पक्षी तिथे होता.

पुढचं काम आपल्या लोकांनी केलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळच्या परिसरात या पक्ष्याचं खाणंपिणं, वीण, घरटी यांचा पहिला सविस्तर अभ्यास केला. आपल्याच पिलांना खाणारा नर त्यांना पाहायला मिळाला. घुबडांबद्दल फार गोड कल्पना बाळगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मेळघाटात आणि यावलला तो सापडला, पुढे पुण्याच्या प्राची मेहता आणि सहकाऱ्यांना मध्य प्रदेशातही मिळाला. संकटं तीच, सगळ्या रानांतली: अतिक्रमण, सागाची चोरी, वणवे, ढोलीचं जुनं झाड तोडणं, जादूटोण्यासाठी घुबडं पकडणं. ढोली असलेलं झाड वनखात्याच्या हिशेबात बहुधा 'वाळकं' किंवा 'निकामी' असतं. रानपिंगळ्याला मात्र नेमकं तेच हवं असतं.

२०१४पर्यंत सगळे धरून चालले होते की हा सातपुड्याचा पक्षी. सह्याद्रीशी त्याचा संबंध कुणी जोडला नव्हता.

ठाणे जिल्ह्यातल्या तानसा नदीवर १८९२ला धरण पूर्ण झालं. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) मुंबईला पुरेनात, म्हणून मुंबई पालिका शहापूर तालुक्यात पोचली. पाणी गढूळ होऊ नये म्हणून भोवतालचं पाणलोट राखलं गेलं. सागाच्या गाड्या ज्या जिल्ह्यातून भरभरून गेल्या, तिथलंच हे रान शहराच्या तहानेपायी उभं राहिलं. रानातल्या माणसांना त्याचं काय मिळालं? शहापूरच्या पाड्यांवर आजही उन्हाळ्यात टँकर येतो, आणि शेजारून मुंबईचे नळ भरून वाहतात. १९७०ला तानसा अभयारण्य झालं, तीनशे चौरस किलोमीटरहून मोठं. मुंबईतून, ठाण्यातून, डोंबिवलीतून पक्षी बघणारे लोक लोकलने आटगाव-खर्डीला उतरून तिथे जात राहिले. रानपिंगळा कुणाच्याच मनात नव्हता, कारण तो तिथे असू शकतो असं कुठल्याही पुस्तकात नव्हतं. ठिपकेवाल्या पिंगळ्याकडे दोनदा कोण बघतो?

ऑक्टोबर २०१४मध्ये पक्षिनिरीक्षक सुनील लाड यांनी दोनदा बघितलं. तानसात त्यांना दिसलेला पक्षी रानपिंगळा निघाला. त्यांची आणि त्यांच्या सहकाऱ्याची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. शहाद्यापासून सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर दक्षिणेला, आणि पश्चिम घाटातली ती पहिलीच नोंद. एकदा कळल्यावर डोळे उघडले. पुढच्या काळात पालघरच्या आणि गुजरातेतल्या डांगच्या रानांतूनही तो नोंदला गेला. हा पक्षी उडत उडत नुकताच इथे आला असं मानायला काही आधार नाही. तो इथे होता, राबाच्या भांडणाच्या काळातही असणार.

२०१४ हे वर्ष या पट्ट्याच्या इतिहासात लक्षात ठेवण्यासारखं आहे. जानेवारीत डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला. औद्योगिक वसाहतीच्या हवेतला रंग पावसाबरोबर अंगणात उतरला. १ ऑगस्टला देशातला सगळ्यात मोठ्या लोकसंख्येचा ठाणे जिल्हा तोडून पालघर वेगळा झाला. ऑक्टोबरमध्ये रानपिंगळा सापडला. नोव्हेंबरच्या अखेरीस उल्हासनगरात वालधुनी नदीत टँकरने रसायन ओतलं गेलं आणि शेकडो लोकांना श्वासाच्या त्रासाने रुग्णालयात न्यावं लागलं. यातल्या रानपिंगळ्याच्या बातमीला सगळ्यात कमी जागा मिळाली असेल, याबद्दल मला शंका नाही.

वालधुनीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट बोलायला हवी. रानपिंगळा परत मिळाला तो १८७०-८०च्या दशकांत कुणीतरी त्याचं नाव-गाव लिहून ठेवलं म्हणून. वालधुनीत पूर्वी कोणते मासे होते? डोंबिवलीत १९६४च्या सुमारास कारखाने उभे राहिले, त्याआधी तिथल्या भातखाचरांत पावसाळ्यात कोणते बेडूक ओरडत, उल्हास आणि काळूच्या काठच्या गवतात कोणते पक्षी घरटी करत? खाडीवरच्या कोळ्यांना, आगरी म्हाताऱ्यांना विचारलं तर ते नावं सांगतात, आणि त्यातली काही नावं नव्या पिढीने ऐकलेलीही नसतात. कोणत्या शास्त्रीय यादीत ती बसवायची हे सांगणारा पुरावा पुष्कळदा मागे राहिलेला नाही. तिथून काय गेलं हे आपल्याला कधी कळणार नाही. शोधायला निघालो तरी कशाच्या मागे निघायचं?

आणि यादीत असूनही काही गेलं, ते गिधाड. साठ-सत्तर वर्षं वयाच्या कुणालाही विचारा. मुरबाड असो, शहापूर असो, गावाबाहेर ढोर टाकलं की तासाभरात गिधाडं जमत. मुंबईत पारशांच्या विहिरींवर, देवनारच्या कत्तलखान्यावर त्यांचे थवे असत. इतकी होती की मोजायची गरज कुणाला वाटली नाही. विभू प्रकाश यांनी भरतपूरला १९९०च्या दशकाच्या शेवटी घट दाखवून दिली, तोवर देशभर ती मरून पडत होती. कारण २००४ला कळलं. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानात केलेल्या संशोधनात सिद्ध झालं की गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी करतं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. २००६ला जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली, २०१५ला माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्यांवर, २०२३ला अॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनवर. आयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ला हिशेब मांडला: गिधाडं गेल्यामुळे सडलेली ढोरं, भटकी कुत्री, दूषित पाणी यांच्या वाटेने २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख जादा माणसं दगावली. ठाणे जिल्ह्यात गिधाड बघायला मिळालं तर आज ती बातमी होते. कोकणात त्यासाठी रायगडात म्हसळ्याकडे जावं लागतं, जिथे गावकरी आणि कार्यकर्ते त्यांना राखून आहेत.

रानपिंगळ्याची गत अजून तशी नाही. २०१८ला जागतिक लाल यादीत त्याला 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' असं एक पायरी खाली आणलं, कारण तो आधी वाटला त्यापेक्षा जास्त ठिकाणी सापडला. तरी पूर्ण वाढलेले पक्षी जगात मिळून हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे. भारताबाहेर तो कुठेही नाही. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला पूर्ण संरक्षण आहे. २०१८लाच आलेल्या जनुकीय अभ्यासाने, ज्यात पंकज कोपर्डे आणि व्ही. व्ही. रॉबिन होते, ह्यूमने वेगळं काढलेलं त्याचं कूळ पुन्हा नेहमीच्या पिंगळ्यांच्या गोतावळ्यात नेऊन बसवलं.

कायद्याचं संरक्षण पक्ष्याला आहे, पण तो राहतो त्या रानावर दुसऱ्यांचा डोळा आहे. मुंबईच्या सात तलावांतून दिवसाला चारशे कोटी लिटरच्या आसपास पाणी जातं, आणि त्यातलं बरंच गळती-चोरीत जातं हे पालिकाही नाकारत नाही. तरी आणखी हवं म्हणून वाडा तालुक्यात गारगाई नदीवर धरणाचा प्रस्ताव आहे. त्यातून दिवसाला ४४ कोटी लिटर पाणी मिळेल, ते बोगद्यातून मोडकसागरात जाईल. बुडणारी जमीन मोठ्या प्रमाणात तानसा अभयारण्यातली आहे, आणि तुटणाऱ्या झाडांचा आकडा लाखांत आहे. मध्यंतरी हा प्रस्ताव बासनात गेला होता, आता पुन्हा बाहेर आला आहे. इकडे मुरबाड तालुक्यात माळशेजच्या पायथ्याशी काळू धरण: महानगर प्रदेशातल्या आपल्यासारख्या शहरांच्या पाण्यासाठी. सुमारे एक हजार हेक्टर वनजमीन त्यात जाते. वनखात्याची परवानगी नसताना काम सुरू झालं, श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि २०१२ला मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवलं. त्या वेळी पाड्यांवरची माणसं उभी राहिली नसती तर ते रान केव्हाच पाण्याखाली असतं. ज्यांना १८८०च्या दशकात जंगलाचे गुन्हेगार ठरवलं त्यांचीच ही नातवंडं-पतवंडं.

पाणी कुणाला नको? ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन महापालिकांतच २०११च्या जनगणनेत तीस लाखांहून जास्त माणसं होती, आणि त्यानंतर घोडबंदर रोडपासून शीळ-कल्याण रस्त्यापर्यंत किती मनोरे चढले ते आपण रोज बघतो. पण गळती बुजवण्याआधी आणि सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याआधी अभयारण्य बुडवायला निघणं हा आळशीपणा आहे. रानपिंगळ्यासाठी पर्यायी वनीकरण नावाची गोष्ट संभवत नाही. ढोली पडायला झाडाला काही दशकं लागतात, आणि रोपवाटिकेतून ढोली मिळत नाहीत.

तानसा, खर्डी, मुरबाडच्या रानात सुट्टीला जाणाऱ्या ठाणे-डोंबिवलीकरांना म्हणून एवढंच सांगणं आहे. जे दिसेल ते तारीख आणि गाव घालून लिहून ठेवा, वहीत लिहा नाही तर ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, आणि खात्री नसेल तर तेही लिहा. गावातल्या माणसाने एखाद्या पक्ष्याचं, माशाचं नाव सांगितलं तर ते त्याच्याच शब्दात टिपून घ्या. पिंगळा दिसला तर दुर्बिणीतून डोक्यावरचे ठिपके नीट बघा. तो रानपिंगळा असेल तर घरट्याची जागा समाजमाध्यमांवर टाकू नका, वनखात्याला कळवा. त्याच्या विणीचा हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि मेपर्यंत चालतो.